कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवरचा पहारा

३ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून पुन्हा रोजनिशी. ऑफिसात काहीतरी शिजतंय आणि उद्या कुणी विचारलं तर माझ्यापाशी लेखी काहीतरी असावं.

नवी मुलगी आली आहे. सहा महिन्यांच्या परीक्षेवर ठेवली आहे, काम पटलं तर कायम. पक्की नोकरी सोडून आमच्या या एवढ्याशा ऑफिसात कशाला आली, हा माझा पहिला प्रश्न. साहेबांना विचारला तर म्हणाले, "तिला हेच काम करायचं होतं." असं कुणी असतं का? बोलत काहीच नाही. मी मनातल्या मनात तिचं नाव मौनी ठेवलं आहे. ऑफिसात मला फौजदार म्हणतात, ते मात्र मी ठेवलेलं नाही.

आमचं काम म्हणजे एका हॉस्पिटलच्या डायलिसिस विभागासाठी ॲप. पेशंटला किती वाजता, कोणत्या यंत्रावर यायचं ते फोनवर दिसतं. खरी माहिती हॉस्पिटलच्या सर्व्हरवर असते. त्याला ते आम्हाला हात लावू देत नाहीत, म्हणून तपासणीसाठी आम्ही एक खोटा सर्व्हर ठेवला आहे, त्याला मॉक सर्व्हर म्हणतात. 'मंगळवारी सकाळी यंत्र मोकळं आहे का' विचारलं की तो पढवलेलं उत्तर देतो. आमच्या जावास्क्रिप्टच्या टेस्ट आपोआप चालतात, ॲपची बटणं दाबतात, खोट्या सर्व्हरची उत्तरं घेतात. पडद्यावर बरोबर दिसलं तर हिरवं, नाहीतर लाल. हे सगळं कोपऱ्यातल्या एका कॉम्प्युटरवर चालतं आणि त्याचा निकाल शेवटचा. तिथे हिरवं झाल्याशिवाय काहीही बाहेर जात नाही. हा नियम मीच घालून दिला आहे.

मौनीने आल्या आल्या एक स्क्रिप्ट लिहिली. एक आज्ञा दिली की खोटा सर्व्हर सुरू होतो, टेस्ट चालतात, संपल्या की सर्व्हर बंद. मी विचारलं, "आणि आधीच एखादा चालू असेल तर?"

"मग तोच वापरते, सर. एका पत्त्यावर दोन बसत नाहीत."

आळशीपणा, दुसरं काय. मुळात आपोआप सुरू आणि आपोआप बंद होणाऱ्या गोष्टींवर माझा भरवसा नाही. घरचा गीझरसुद्धा मी हाताने बंद करतो आणि मग पुन्हा जाऊन बघतो. म्हणून कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर माझ्या लॉगिनखाली मी माझा सर्व्हर स्वतः सुरू करून ठेवला आहे, उत्तरांची माझी स्वतःची प्रत वापरून. त्याची पडद्यावरची खिडकी खाली सरकवली, कुणाला दिसत नाही. असावा आपला एक हाताशी.

६ फेब्रुवारी, गुरुवार

हॉस्पिटलकडून निरोप आला. आजवर त्यांचा सर्व्हर दोनच उत्तरं द्यायचा, यंत्र मोकळं किंवा यंत्र घेतलेलं. आता तिसरंही देणार. यंत्र दुरुस्तीला गेलं तर 'बंद' असं सांगून दुसरी वेळ सुचवणार. सध्या ॲपला हे तिसरं उत्तर कळतच नाही, ते आपलं 'तुमची वेळ निश्चित आहे' म्हणून मोकळं होतं.

साहेबांनी काम मौनीला दिलं. ती म्हणाली, "हे आधीच व्हायला हवं होतं. लोक पहाटे उठून येतात आणि परत जातात."

आल्यापासूनचं तिचं सगळ्यात लांब वाक्य. लोक पहाटे उठून येतात हे हिला काय माहीत? मी चार वर्षं या कामावर आहे, मला माहीत नाही.

आज आलीच मुळी दुपारी, सकाळची अर्धी रजा घेऊन. कारण 'घरचं काम'.

११ फेब्रुवारी, मंगळवार

मौनीचं काम झालं म्हणे. 'बंद'ची सोय केली, खोट्या सर्व्हरच्या सामायिक फायलीत नवीन उत्तरं घातली, टेस्ट लिहिल्या. तिच्या लॅपटॉपवर तिच्या सगळ्या टेस्ट हिरव्या. कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर चालवलं तर तिच्या सगळ्या टेस्ट लाल आणि माझ्या जुन्या सगळ्या हिरव्या.

"माझ्याकडे चालतं," ती म्हणाली.

हे वाक्य मी नोकरीला लागल्यापासून ऐकतो आहे. हे म्हणणारा प्रत्येक जण काहीतरी लपवत असतो.

ती तासभर पडद्याकडे बघत बसली. मग म्हणाली, "जुनीच उत्तरं येताहेत कुठून तरी."

कुठून तरी! उत्तरांच्या फायली तिच्या, स्क्रिप्ट तिची, सर्व्हर तिचा, आणि उत्तरं कुठून तरी. मी मान डोलावली आणि गप्प बसलो. अशा वेळी समोरच्याला बोलू द्यावं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

बायकोला सगळं सांगितलं. ती इस्त्री करत होती. म्हणाली, "अहो, ती मुलगी स्वतःच्याच टेस्ट कशाला पाडेल?"

"माझी जागा घ्यायला. आधी गोंधळ घालायचा, मग आपणच तो सोडवून दाखवायचा."

"तुमची जागा? ती खुर्ची तरी कुणी घेईल का, एका बाजूला कलते ती." मग इस्त्री उभी करून म्हणाली, "तुम्ही भाजीवाल्याचा काटा तपासता, रिक्षाचं मीटर तपासता, माझा फोन वाजला की कान टवकारता. स्वतःचं काही तपासता का कधी?"

हिचं माझ्याबद्दल मत काय आहे ते कळलं. फोनचा विषय मात्र हिने स्वतःहून काढला, याची नोंद करून ठेवतो.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

आज मौनीने साहेबांसमोर मागणी केली की कोपऱ्यातला कॉम्प्युटर एकदा बंद करून पुन्हा सुरू करावा. "काहीतरी जुनं मागे चालू राहिलं असावं. मला दुसऱ्यांच्या लॉगिनमधलं दिसत नाही."

मी ताबडतोब विरोध केला. बंद करून चालू केलं की कोण कधी काय करत होतं त्याच्या खुणा जातात, हे कुणीही सांगेल. खुणा कुणाला नको असतात, तेही सांगायला नको. साहेब म्हणाले, "फौजदार, तुमचं काय ते ठरवा, पण पुढच्या महिन्यात ॲप बाहेर गेलं पाहिजे." साहेबांचं हे नेहमीचं. भांडण दिसलं की त्यांना चहा आठवतो.

मी त्या कॉम्प्युटरला कागद चिकटवला, 'बंद करू नये', खाली माझी सही.

नंतर ती माझ्या टेबलापाशी आली. "सर, तुमचं काही चालू नाही ना त्या कॉम्प्युटरवर?"

माझं काय चालू आहे याची चौकशी! तीही परीक्षेवरची मुलगी करणार! म्हटलं, "माझं काही चालू नाही. तुमचं काय चालू आहे ते बघा." मी तिला मुद्दाम अहोजाहो करतो. जवळीक नको.

ती "बरं" म्हणाली आणि गेली. कुणी इतक्या सहज "बरं" म्हणत नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

आज मोठीच गोष्ट हाती लागली.

कागदपत्रांवर सही घ्यायला मी हॉस्पिटलात गेलो होतो. डायलिसिस विभाग दुसऱ्या मजल्यावर. लांबट खोली, दोन्ही बाजूंना खाटा, प्रत्येक खाटेशी यंत्र, आणि बाहेर लोखंडी बाकं. दारातून सहज नजर टाकली तर चार नंबरच्या खाटेशी मौनी! ऑफिसात 'घरचं काम' सांगून आलेली. वॉर्डातली सिस्टर तिच्या खांद्यावर हात ठेवून बोलत होती, जुनी ओळख असल्यासारखी. खाटेवर एक म्हातारे गृहस्थ पडले होते. त्यांनी चष्मा काढून हिच्या हातात दिला, हिने तो ओढणीने पुसला आणि पर्समध्ये ठेवला. मग पांघरूण त्यांच्या पावलांवर नीट ओढलं.

मी जिन्याच्या आडोशाला झालो. म्हणजे हिची हॉस्पिटलात थेट ओळख आहे! आपल्याला वगळून आतल्या लोकांशी संधान बांधलं आहे. पेशंटशी गोडगोड बोलून आमच्या ॲपच्या तक्रारी गोळा करत असणार. 'लोक पहाटे उठून येतात' कुठून आलं ते समजलं. दुसरी कंपनी काढून हेच काम पळवायचा बेत असू शकतो.

सही न घेताच परत आलो.

२४ फेब्रुवारी, सोमवार

ताप. रजेवर. बायको डोक्यावर घड्या ठेवते आहे आणि सारखी विचारते आहे, "चार नंबरच्या खाटेवर कोण होतं म्हणालात?" हिला त्या म्हाताऱ्याचं काय पडलंय कोण जाणे. मी म्हटलं, पेशंट होता कुणीतरी. तर माझ्याकडे बघतच राहिली.

२६ फेब्रुवारी, बुधवार

पकडली!

सोमवारी मी घरी, आणि त्याच दिवशी ऑफिसची वीज गेली. कोपऱ्यातला कॉम्प्युटर बंद पडून पुन्हा सुरू झाला. त्यानंतर टेस्ट चालवल्या तर काय निकाल यावा? तिच्या सगळ्या हिरव्या आणि माझ्या जुन्यांतल्या दोन लाल. मी रजेवर असतानाच बरं! साहेबांना तिने सांगितलं म्हणे, "आता नवीन उत्तरं बरोबर येताहेत. सरांच्या त्या दोन टेस्ट जुन्या उत्तरांवर आहेत, त्या बदलाव्या लागतील." माझ्या टेस्ट बदलणार!

आज मी सकाळी सगळ्यांच्या आधी पोचलो. माझा सर्व्हर नेहमीप्रमाणे माझ्या प्रतीतून सुरू केला, खिडकी खाली सरकवली, आणि साहेबांना बोलावून त्यांच्या डोळ्यांदेखत टेस्ट चालवल्या. माझ्या सगळ्या हिरव्या, तिच्या सगळ्या लाल.

"बघा," मी म्हटलं. "मी नसलो की तिच्या चालतात, मी आलो की पडतात. याचा अर्थ काय होतो?"

साहेबांनी डोकं खाजवलं. "तुम्हीच सांगा."

"ही माझ्या पाठीमागे फायलींना हात लावते."

हे बोलताना बरं वाटलं, ते इथे प्रामाणिकपणे लिहून ठेवतो.

३ मार्च, सोमवार

साहेबांनी तिला खोलीत बोलावलं. मीही होतो. साहेब म्हणाले, "कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर तुझं काम टिकत नाही. आणि फौजदारांचं म्हणणं आहे की तू फायली बदलतेस."

ती माझ्याकडे वळली. "सर, मी कशाला बदलीन?"

मी म्हटलं, "ते तुम्हालाच ठाऊक. हॉस्पिटलात कुणाला भेटता तेही तुम्हालाच ठाऊक."

तिचा चेहरा एकदम पडला. पकडल्यावर पडतो तसाच. मग साहेबांना म्हणाली, "मला ही नोकरी हवी आहे. पण ते 'बंद'चं काम अडवू नका. हवं तर त्यावर माझं नाव घालू नका. एकदा, फक्त एकदा, तो कॉम्प्युटर बंद करून बघा."

पुन्हा तेच. साहेब माझ्याकडे बघायला लागले. मी नकारार्थी मान हलवली. साहेबांनी तिला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं.

संध्याकाळी तिने टेबल आवरलं. एक मग, एक शाल, फोनचा चार्जर. जाताना कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरपाशी थांबली, माझा कागद वाचला, आणि बटणाला हातसुद्धा न लावता गेली. मी बघतच होतो.

१० मार्च, सोमवार

ॲप बाहेर गेलं. मौनीचं काम वगळून, कारण ते लाल. बाकी सगळं हिरवं. ऑफिसात पेढ्याबिढ्याची गोष्ट निघाली नाही, साहेबांनी नुसता हात मिळवला. तिच्या रिकाम्या खुर्चीवर कुणीतरी छत्री टाकली आहे. खुर्ची चांगली आहे, कलत नाही. मी बसून बघितलं आणि उठलो.

१३ मार्च, गुरुवार

हे लिहायला जड जातंय.

सकाळी हॉस्पिटलच्या सिस्टरचा साहेबांना फोन आला. नुसता कडकडाट. चार नंबरचं यंत्र काल संध्याकाळपासून दुरुस्तीला काढलंय, त्यांच्या सर्व्हरने तसं कळवलंय, आणि तुमचं ॲप पेशंटना 'वेळ निश्चित आहे' सांगतंय. साहेबांनी मला पिटाळलं.

बाहेरच्या लोखंडी बाकावर मौनी बसली होती. शेजारी चाकाच्या खुर्चीत तेच म्हातारे गृहस्थ. पाय सुजलेले, डोळे मिटलेले, तोंडाने श्वास घेत होते. जिन्याकडे पळावंसं वाटलं, पण तिने मला बघितलं होतं.

"बाबांची आजची पाळी होती," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. फोन माझ्यापुढे धरला. हिरव्या अक्षरांत 'तुमची वेळ निश्चित आहे. यंत्र क्रमांक ४.'

बाबा. मी तो शब्द ऐकला आणि वीस तारखेची ती सगळी खोली माझ्यापुढे पुन्हा उभी राहिली. चष्मा, पांघरूण, अर्ध्या रजा.

"तुम्ही ऑफिसात सांगितलं का नाही?" मला एवढंच सुचलं.

"काय सांगू? बाबा आजारी आहेत म्हणून मला ठेवा, असं?"

म्हाताऱ्यांनी डोळे उघडले. "कोण गं हे?"

"ऑफिसातले सर आहेत, बाबा. ॲप यांचंच."

"अरे वा," ते म्हणाले. "चांगलं काम करता." चेष्टा करत नव्हते. त्यामुळे जास्तच झोंबलं.

सिस्टरने कुणाची तरी वेळ पुढेमागे करून दुपारी त्यांना दुसऱ्या यंत्रावर घेतलं. तोवर ते तसेच बसून होते आणि मी भिंतीशी उभा होतो. पाणी आणून देऊ का विचारलं, तर ती म्हणाली, "त्यांना पाणी मोजून द्यावं लागतं, सर." मला हेही माहीत नव्हतं.

१४ मार्च, शुक्रवार

आज तिचं काम मीच हातात घेतलं. 'बंद'चं उत्तर सामायिक फायलीत बघितलं, अगदी बरोबर लिहिलेलं. टेस्ट चालवल्या. लाल. उत्तरातला एक शब्द मी स्वतः बदलून पाहिला, पुन्हा चालवल्या. उत्तर जुनंच आलं. आता तर ती इथे नाही. मग माझ्या फायलींना हात लावतंय कोण? पहिल्यांदा साहेबांचा संशय आला, खोटं कशाला लिहू.

मग खाली सरकवलेली ती खिडकी वर घेतली. माझा सर्व्हर. काळ्या खिडकीत ओळींमागून ओळी. मी आत्ता चालवलेल्या टेस्टचा प्रत्येक प्रश्न तिथे आला होता, आणि प्रत्येकाला माझ्या जुन्या प्रतीतलं उत्तर गेलं होतं. तिच्या स्क्रिप्टने तिचा सर्व्हर सुरूच केला नव्हता. माझा आधीच त्या पत्त्यावर बसला होता, तर ती तोच वापरत होती. मी हे तिला विचारलं होतं. तिने सांगितलं होतं. ते मी इथे, याच वहीत, आळशीपणा म्हणून लिहून ठेवलं आहे.

मी खिडकी बंद केली, बदललेला शब्द पूर्वीसारखा केला. टेस्ट चालवल्या. तिच्या सगळ्या हिरव्या.

कुणीतरी मुद्दाम केलं असावं असा विचार करायचा खूप प्रयत्न केला. कुणी सापडलं नाही.

साहेबांना सांगितलं. त्यांनी हातातला चहा खाली ठेवला. "फौजदार, म्हणजे चोर ठाण्यातच होता?"

"हो."

"बोलवा तिला परत. मी कायमचं पत्र देतो. पण फोन तुम्ही करायचा."

फोन मी बाहेरच्या जिन्यात जाऊन केला. सगळं सांगितलं, अडखळत, पण सगळं. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, "मी तुम्हाला विचारलं होतं, सर."

"हो. मी म्हणालो, माझं काही चालू नाही."

"हं."

"परत या. साहेब कायम करताहेत. मी... माझं चुकलं. फार चुकलं."

"नोकरीचं नंतर बघू. आधी ते काम बाहेर काढा. यंत्र अजून दुरुस्तीला आहे आणि सोमवारी बाबांची पुन्हा पाळी आहे." मग म्हणाली, "आणि त्या दोन टेस्ट बदला."

१५ मार्च, शनिवार

माझ्या त्या दोन टेस्ट बदलल्या. कॉम्प्युटरवरचा माझा कागद काढला, कॉम्प्युटर बंद करून चालू केला, सगळं पुन्हा पहिल्यापासून तपासलं. हिरवं. दुपारी नवीन ॲप बाहेर गेलं. कामावर मौनीचं नाव घातलं. मौनी नव्हे, तिचं खरं नाव. ते लिहिताना स्पेलिंग साहेबांना विचारावं लागलं.

बायकोला चार नंबरच्या खाटेचं सांगितलं. म्हणाली, "मला त्याच दिवशी कळलं होतं. परक्या माणसाचा चष्मा कुणी ओढणीने पुसतं का?" मग माझं ताट वाढलं.

१७ मार्च, सोमवार

हॉस्पिटलात बसून लिहितो आहे, डायलिसिसच्या खोलीबाहेर, लोखंडी बाकावर.

घरातून निघायच्या आधी ऑफिसच्या लॉगिनने ॲप उघडून चार नंबरच्या पाळीचा निरोप बघितला होता. 'यंत्र क्रमांक ४ बंद आहे. तुमची नवी वेळ दुपारी दोन, यंत्र क्रमांक ७.' स्वच्छ अक्षरांत. तरी मनात आलं, निरोप त्यांच्या फोनपर्यंत पोचलाच नसेल तर? ते पुन्हा पहाटे उठून आले तर? म्हणून जुन्या वेळेलाच येऊन बसलो. आले असते तर खुर्ची मी ढकलणार होतो. समोरासमोर माफी मागणार होतो, वाक्यं जुळवून आणली होती.

बराच वेळ झाला. चार नंबरचं यंत्र कापडाखाली झाकलेलं आहे. त्या यंत्राच्या या पाळीचं कुणीच आलं नाही. लिफ्टचं दार उघडलं की मी उठतो आणि पुन्हा बसतो.

आत्ता सिस्टर बाहेर आली. "तुम्ही कुणासाठी थांबलाय?"

"चार नंबरचे पेशंट. आणि त्यांची मुलगी."

"ते दोनला येणार. ॲपवर आलंय की सगळ्यांना. तुम्ही बघितलं नाही?"

"बघितलं होतं," मी म्हटलं.

"मग?"

मग काय सांगणार? ज्या पेशंटना निरोप गेला, त्या सगळ्यांनी त्यावर विश्वास ठेवला आणि घरी झोप घेतली. बंद यंत्रापाशी येऊन बसलेला मी एकटाच. सिस्टरला म्हटलं, दोनपर्यंत थांबतो.